मोहरी आणि सत्यानाशी

भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. गंधार वादी धरला की भूप, धैवत धरला की देशकार. तेथे कान चुकला तर फार तर मैफल बिघडते. मोहरी आणि पिवळा धोत्रा यांच्या बियांत डोळा चुकला, तर जिवावर बेतते.

आपल्या ग्वाल्हेर-मुरैनाकडे पिवळ्या फुलांचे हे काटेरी रोप मोहरीच्या शेतातही उगवते. लोक त्यास ‘सत्यानाशी’ म्हणतात. दोहोंचे बी बारीक, काळपट. धोत्र्याचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेले, की पाय सुजतात, धाप लागते, हृदय खचते. १९९८ साली दिल्लीत अशा तेलाने ६० हून अधिक माणसे दगावली.

भेसळीच्या तेलात नत्राम्ल घातले की तांबूस रंग येतो. पण ते घरचे काम नव्हे. तेव्हा सुटे तेल टाळावे, आणि मोहरी निवडताना खडबडीत दाणा दिसला, तर तो बाजूस काढावा.