राजाचें राज्य आणि राखेचें राज्य

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा भाचा महिनाभर आमच्या घरीं राहावयास आला होता. मुलगा हुशार, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास असलेला आणि स्वभावानें गोड. परंतु दुपारचें जेवण झालें कीं तो आपला संगणक उघडून जो बसे, तो दिवेलागणीपर्यंत हलत नसे. आमच्या मातोश्रींना हें पाहवेना. "अरे, हा सबंध दिवस त्या पडद्यांत करतो तरी काय? चोऱ्यामाऱ्याच ना?" असा प्रश्न त्यांनीं एके दिवशीं आम्हांस केला. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. न पाहिलेल्या गोष्टीची निंदा करणें जितकें सोपें तितकेंच तें अप्रामाणिकपणाचें, असें वाटून आम्ही भाच्याशेजारीं खुर्ची ओढून बसलों. पुढें पुढें तर स्वतः खेळूंहि लागलों. त्या महिन्याभरांत आम्हीं जें पाहिलें आणि आमच्या हातून जें घडलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

'गेम' हा शब्द आज कोणत्याहि घरांत नवा नाहीं. पण सर्वच खेळ एका जातीचे नसतात. आम्ही ज्यांच्याविषयीं लिहीत आहों त्यांना 'ओपन-वर्ल्ड रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. एक सबंध मुलूख संगणकांत उभारलेला असतो. त्यांत डोंगर, नद्या, गांवें, दुकानें व माणसें असतात. रात्र होते, दिवस उगवतो. खेळणारा आपलें सोंग निवडतो आणि मनास येईल त्या दिशेनें चालूं लागतो. एक मुख्य कथा असते. परंतु ती बाजूस ठेवून आठवडेच्या आठवडे भटकतां येतें. नाटकांत नटाला संवाद पाठ करावे लागतात. येथें काय बोलावयाचें, कोणास मारावयाचें आणि कोणास सोडावयाचें, हें पुष्कळसें नटानेंच ठरवावयाचें असतें.

या खेळांचीं दोन मोठीं कुलें आहेत. एक अद्भुताचें: तरवारी, जादू, राक्षस आणि राजे. त्याची वंशावळ १९५४–५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीपर्यंत आणि १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळापर्यंत पोंचते. दुसरें कुल प्रलयानंतरच्या जगाचें. त्याचें मूळ कोणत्याहि परीकथेंत नाहीं. तें १९४५ च्या ऑगस्टांत हिरोशिमा व नागासाकी येथें जें घडलें त्याच्या भीतींत आहे.

तुलनेस एक सोयहि आहे. दोन्ही कुलांचे अत्यंत गाजलेले नमुने एकाच घरचे. अमेरिकेंतील मेरीलँड राज्यांत रॉकव्हिल येथें असलेल्या बेथेस्डा या कंपनीनें १९९४ सालीं 'द एल्डर स्क्रोल्स' ही अद्भुत खेळांची मालिका सुरू केली. तिचा पांचवा भाग 'स्कायरिम' ११ नोव्हेंबर २०११ रोजीं निघाला. 'फॉलआउट' ही दुसरी मालिका मूळची इंटरप्ले या कंपनीची. तिचा पहिला भाग १९९७ चा. पुढें तिचे हक्क बेथेस्डानें घेतले आणि २००८ सालीं 'फॉलआउट ३' बाहेर काढला. कारागीर तेच, अवजारेंहि बहुतांशीं तींच. असें असून इमारती मात्र अगदीं निराळ्या उभ्या राहिल्या.

'स्कायरिम' हा एका कल्पित खंडाच्या उत्तरेचा बर्फाळ प्रांत. कथा उघडते तेव्हां आपण हात बांधलेले कैदी असतों आणि गाडींतून वधस्थानाकडे नेले जात असतों. मान ठोकळ्यावर ठेवली असतां आकाशांतून एक ड्रॅगन उतरतो, गांव पेटवतो, आणि त्या गोंधळांत आपला जीव वांचतो. पुढें कळतें कीं आपण सामान्य कैदी नसून ड्रॅगनांचें सामर्थ्य अंगीं असलेले पुरुष आहों. या जगांत शब्द हेंच मोठें शस्त्र. ड्रॅगनांच्या भाषेंतील शब्द नीट उच्चारला तर समोरचा मनुष्य फेकला जातो, अग्नि प्रकट होतो. ही विद्या जाणणारे चार वृद्ध एका उत्तुंग पर्वतावर मठांत राहतात. त्यांपैकीं एकच आपल्याशीं बोलतो, कारण बाकीच्यांच्या हलक्या उच्चारानेंहि इमारत हादरते. मंत्रसामर्थ्याच्या गोष्टी सांगत ज्यांचें आयुष्य गेलें त्या आमच्या मातोश्रींना हें ऐकून मुळींच आश्चर्य वाटलें नाहीं.

'फॉलआउट' चें जग याच्या अगदीं उलट. तेथील इतिहासाप्रमाणें २३ ऑक्टोबर २०७७ रोजीं अण्वस्त्रांचें युद्ध झालें आणि अवघ्या दोन तासांत पृथ्वी होरपळली. पण जें होरपळलें तें आपण आज पाहतों तें जग नव्हे. १९५० च्या सुमारास अमेरिकन मनानें भविष्यकाळाचें जें चित्र रंगविलें होतें, अणुशक्तीवर चालणारी मोटार, हंसतमुख गृहिणी, घरकामास यंत्रमानव, तेंच पुढें चालू राहिलें आणि जळालें असें येथें कल्पिलें आहे. म्हणून भग्न भिंतींवर अजून आनंदी जाहिराती लटकत असतात आणि रेडिओवर जुनीं गोड गाणीं लागतात. 'फॉलआउट ३' ची कथा २२७७ सालीं, म्हणजे युद्धानंतर दोनशें वर्षांनीं, वॉशिंग्टनच्या अवशेषांत घडते. भूमिगत आश्रयस्थानांत वाढलेल्या एकोणीस वर्षांच्या तरुणाचे वडील एके दिवशीं न सांगतां निघून जातात आणि तो त्यांच्या शोधास बाहेर पडतो. वडिलांचें कार्य कोणतें? राक्षस मारणें नव्हे, सिंहासन मिळविणें नव्हे; किरणोत्सर्गानें नासलेलें पाणी शुद्ध करून तें सर्वांस पाजणें.

दोन्ही जगांचा स्वभाव त्यांच्या नाण्यांत दिसतो. स्कायरिममध्यें सोन्याचें नाणें चालतें आणि त्याचें नांव सम्राटांच्या घराण्यावरून पडलेलें आहे. फॉलआउटमध्यें शीतपेयाच्या बाटलीचें पत्र्याचें बूच हेंच नाणें; आणि २०१० च्या 'न्यू वेगास' या भागांत असें सांगितलें आहे कीं व्यापाऱ्यांनीं या बुचांना पाण्याचा आधार दिलेला आहे. राजा असतो तोंपर्यंत नाण्यामागें राजा उभा असतो. राजा गेला कीं नाण्यामागें पाणी उभें राहतें.

वस्तूंचेंहि तेंच. २०१५ च्या 'फॉलआउट ४' मध्यें मोडकें टंकलेखनयंत्र, टेबलपंखा, चिकटपट्टीचें रीळ असल्या टाकाऊ वस्तु वेंचाव्या लागतात आणि त्यांतले स्क्रू, पत्रा, डिंक काढून वस्ती उभारावी लागते. हें दृश्य पाहून मातोश्री प्रथमच पडद्याजवळ आल्या. ज्या बाईनें जन्मांत सुतळीचा तुकडा किंवा बिस्किटांचा रिकामा डबा टाकला नाहीं, तिला त्या वेंचणाऱ्याची कळकळ न सांगतां समजली.

विद्या मिळविण्याच्या रीतींतहि भेद आहे. स्कायरिममध्यें अठरा कौशल्यें असून जें करावें तेंच वाढतें: ऐरणीवर काम केलें तर लोहारकाम, धनुष्य चालविलें तर नेम. फॉलआउट ३ मध्यें अनुभवाचे गुण सांचतात आणि पायरी चढली कीं ते मनास येईल त्या विद्येंत वांटतां येतात. शत्रु मारून मिळविलेल्या गुणांनीं वैद्यकहि वाढतें! पहिली रीत गुरुगृहाची आणि दुसरी परीक्षा-मंडळाची, असें आम्हीं म्हणतांच भाचा उत्तरला, "मामा, मग आम्ही मुलें दुसऱ्याच जगांत राहतों."

पण ज्याच्यासाठीं हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट पुढेंच आहे.

एका दुपारीं भाचा झोपला असतां आम्ही एकटेच स्कायरिमच्या एका दुकानांत उभे होतों. फळीवर एक वस्तु मनांत भरली. गांठीं पैसे नव्हते. भाच्यानें पूर्वीं एक युक्ति दाखविली होती: जवळची बादली उचलून दुकानदाराच्या डोक्यावर पालथी घालावी. तो तक्रार करीत नाहीं; त्याला दिसत मात्र नाहीं. आम्हीं बादली घातली, वस्तु उचलली आणि बाहेर पडलों. कोणी हांक मारली नाहीं, शिपाई धांवला नाहीं. लपविण्यांत अर्थ नाहीं: त्या क्षणीं आम्हांस आनंद झाला.

यामागील रचना अशी कीं, स्कायरिमच्या नऊ परगण्यांत गुन्ह्याचा हिशेब ठेवतात, पण तो कोणी पाहिला असेल तरच. एका परगण्याचा दंड दुसऱ्या परगण्यांत कोणी विचारीत नाहीं. दंड भरला किंवा तुरुंगांत राहून आलें कीं प्रकरण मिटलें. आणि सर्वांत भयंकर नियम हा कीं, शेवटचा साक्षीदार ठार केला तर दंडाची नोंदच पुसली जाते. राजे आहेत, शिपाई आहेत, तुरुंग आहेत. परंतु पाहणारे डोळे मिटले कीं गुन्हाहि मिटला.

दुसऱ्या दिवशीं 'फॉलआउट ३' मध्यें आम्हीं तसाच प्रयोग केला. एका पत्र्याच्या घरांत टेबलावर अन्नाचा डबा होता आणि मालक जवळ नव्हता. या देशांत राजा नाहीं, न्यायालय नाहीं. आम्हीं डबा उचलला, आणि पडद्याच्या कोपऱ्यांत ओळ उमटली: तुमचें 'कर्म' घटलें आहे. होय, शब्द तोच, आपला. कोणीहि पाहिलें नव्हतें. तरी नोंद झाली होती. पन्नाशी ओलांडलेले आम्ही गृहस्थ एकट्या खोलींत चपापलों आणि मागें वळून पाहिलें. डबा जागेवर परत ठेवला. गेलेलें कर्म परत आलें नाहीं.

याचा विचार आम्ही बरेच दिवस करीत होतों. ज्या जगांत राज्ययंत्र शाबूत आहे तेथें न्याय साक्षीदारावर अवलंबून, आणि ज्या जगांत सर्व यंत्रें जळून गेलीं तेथें साक्षी खेळणाऱ्याबरोबर चालतो! आम्हांस वाटतें हा केवळ योगायोग नव्हे. राजा असला म्हणजे मनुष्य आपली नीति त्याच्याकडे गहाण टाकतो आणि शिपाई दिसत नाहीं तेवढा वेळ स्वतःस मोकळा समजतो. राजा नाहींसा झाला कीं गहाण सुटतें, आणि तें ओझें पुन्हां आपल्याच खांद्यावर येतें.

याच खेळांत दुसराहि एक आपल्या ओळखीचा शब्द आहे, आणि त्यानें थोडी गंमत केली. किरणोत्सर्गानें विकृत झालेल्या दोन डोक्यांच्या गाईंना तेथें 'ब्राह्मिन' म्हणतात. २००८ च्या ऑक्टोबरांत मायक्रोसॉफ्टनें 'फॉलआउट ३' ची एक्सबॉक्स आवृत्ति सांस्कृतिक भावनांचें कारण देऊन भारतांत काढण्याचें रद्द केलें. नेमका आक्षेप कशास, हें सांगितलें नाहीं. पण बहुतेकांनीं बोट या गाईकडेच दाखविलें. वस्तुतः 'ब्राह्मन' हें अमेरिकेंतील एका गोवंशाचें नांव आहे, आणि तो वंश भारतांतून नेलेल्या गीर, ओंगोल, गुजराथी व कृष्णाखोऱ्यांतील गुरांपासून तयार झाला. म्हणजे कृष्णाकाठची गाय अमेरिकेस गेली, तेथें तिला आपल्या ज्ञातीचें नांव मिळालें, खेळांत तिला दुसरें डोकें फुटलें, आणि परत येतांना तिला दारांतच अडविलें! पुढें २०२१ सालीं बेथेस्डाची मालकी त्याच मायक्रोसॉफ्टकडे आली, ही त्यांतली आणखी एक गंमत.

एका जगास शाबासकी देऊन दुसऱ्यास नांवें ठेवणें मात्र अन्यायाचें होईल. फॉलआउटचें कर्म फार हिशेबी आहे. चोऱ्या कराव्या आणि मग वेशीबाहेरच्या तहानलेल्या भिकाऱ्यास शुद्ध पाणी देत राहावें; खातें पुन्हां भरतें. दानानें पाप धुण्याची ही व्यापारी वृत्ति आपल्याहि समाजास अपरिचित नाहीं. खेळ रचणाऱ्यांनाहि हा दोष जाणवला असावा. कारण 'न्यू वेगास' मध्यें कर्माच्या जोडीस गांवोगांवचें लोकमत आलें, आणि 'फॉलआउट ४' मध्यें कर्माचें खातें बंद होऊन आपल्या सोबत्याला आपलें वागणें आवडतें कीं खटकतें, एवढेंच उरलें. उलट स्कायरिममध्यें एक वृद्ध ड्रॅगन आहे. पूर्वायुष्यांत त्यानें घोर अत्याचार केले. आतां पर्वतशिखरावर ध्यान करून तो आपला क्रूर स्वभाव आवरून धरतो. त्याला मारा, असा एका पक्षाचा आग्रह असतो. पश्चात्ताप पावलेल्यास दंड करावा कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर खेळ देत नाहीं; आपणच द्यावें लागतें. आमच्या भाच्यानें त्याला मारलें नाहीं.

जातां जातां त्यानेंच एक गोष्ट सांगितली. 'फॉलआउट ३' मध्यें मेगाटन नांवाचें गांव आहे. तें एका न फुटलेल्या अणुबाँबच्या भोंवतीं वसलेलें आहे. तो बाँब निकामी करतां येतो. किंवा दूरच्या मनोऱ्यांत राहणाऱ्या एका श्रीमंताच्या नजरेस तें गांव खुपतें म्हणून पैसे घेऊन तो उडवितांहि येतो. भाच्यानें तीन वर्षांपूर्वीं, केवळ दिसतें कसें हें पाहण्यासाठीं, तो उडविला होता. प्रकाश झाला, धुराचा स्तंभ उठला, फार सुंदर दिसलें, असें तो म्हणाला. पुढें कथेंत वडील सांपडले. त्यांनीं गांवाविषयीं ऐकलें होतें आणि त्यांनीं आपली निराशा बोलून दाखविली. त्यानंतर तो खेळ त्याच्यानें पुढें नेववला नाहीं. त्यानें पहिल्यापासून दुसरा डाव मांडला.

मातोश्री ऐकत होत्या. त्यांनीं विचारलें, "मग गांव पुन्हां उभें राहिलें?"

"नव्या डावांत राहिलें, आजी. जुन्यांत नाहीं."

"जुना पुसून टाकलास?"

"नाहीं," तो म्हणाला, "ठेवला आहे."

मातोश्रींनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. संध्याकाळीं त्याच्या पानांत एक पुरणपोळी अधिक पडली, एवढें आम्हीं पाहिलें.

या खेळांवर वेळ फार जातो, हें खरें. अमेरिकेंत हे दोन्ही खेळ सतरा वर्षांखालील मुलांसाठीं नाहींत असें ठरविलेलें आहे, आणि ती अट आमच्या घरांतहि पाळली गेली नव्हती, हें वरील हकीगतीवरून दिसेलच. आईबापांनीं वयाची व वेळेची मर्यादा घालावी. त्याविषयीं दुमत नाहीं. परंतु किती तास खेळलास, हा एकच प्रश्न विचारून थांबूं नये. कोणी पाहत नव्हतें तेव्हां तूं काय केलेंस, हेंहि कधीं तरी शेजारीं बसून विचारावें. मात्र तो विचारण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं आपल्या हातांत एखादी बादली नाहीं ना, हें पाहून घ्यावें.