गारठ्याच्या दिवशी नळ सांभाळताना

मी रायगड जिल्ह्यातल्या गडब गावची. सध्या टेक्सासमध्ये, डॅलसजवळ, एका अपार्टमेंट संकुलाची देखभाल पाहते. गडबला नळाचे पाइप उघड्यावर, भिंतीलगत जातात. ते गोठतील असं कुणाच्या मनातही येत नाही. इथे जानेवारी-फेब्रुवारीत थंडीची लाट आली की माझा सबंध दिवस पाइपांच्या मागे जातो.

सकाळी 6. रात्री पारा उणे 9 अंशांवर जाणार, असा अंदाज आहे. उणे 7 च्या आसपास धोका सुरू होतो. इथली घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली, त्यामुळे पाइप बाहेरच्या भिंतींतून आणि छताखालच्या माळ्यावरून नेलेले असतात. 16 फेब्रुवारी 2021 ला डॅलसचा पारा उणे 19 वर उतरला. त्या आठवड्यात टेक्सासभर लाखो घरांची वीज गेली, हीटर बंद पडले आणि जागोजागी पाइप फुटले.

सकाळी 8. सगळ्या भाडेकरूंना निरोप: गावाला जाणार असलात तरी हीटर बंद करू नका. तो 55 फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 13 अंशांच्या खालीही आणू नका.

सकाळी 9.30. कामगारांबरोबर फेरी. बागेच्या नळ्या काढून घेतल्या, बाहेरच्या नळांवर फोमच्या टोप्या बसवल्या. रिकाम्या घरांत हीटर चालू ठेवला, पाणी बंद केलं आणि नळ उघडून पाइप रिकामे केले.

दुपारी 3. नातवंडासाठी पुण्याहून आलेल्या काकूंच्या घरी. स्वयंपाकघराचं सिंक बाहेरच्या भिंतीला. खालच्या कपाटातले डबे बाजूला सारून दारं सताड उघडी ठेवली, म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोचते. मग गरम आणि थंड, दोन्ही नळ थेंब थेंब सोडले.

"अगं, रात्रभर पाणी असं वाहू द्यायचं?" काकूंनी विचारलं.

माझा जन्म खारेपाटातला, पिण्याच्या पाण्याची टंचाई असलेल्या किनारी पट्ट्यातला. गळका नळ दिसला की हात आपोआप पुढे होतो, म्हणून त्यांचा जीव का तुटला ते मला कळलं. त्यांना समजावलं: पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे 9 टक्के फुगतं. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, दाब वाढतो आणि पाइप फुटतो. नळ जरासा उघडा असला की दाबाला वाट मिळते. खाली पातेलं ठेवा, सकाळी तेच पाणी भांड्यांना वापरा. पाइप फुटला तर याच्या कितीतरी पट पाणी घरभर होईल.

संध्याकाळी 6. घरोघरी सगळं पाणी बंद करणारा मेन व्हॉल्व्ह दाखवला, प्रत्येकाकडून एकदा फिरवून घेतला. मोठ्या माणसांइतकाच तो शाळकरी मुलांनाही ठाऊक हवा.

रात्री 8. गडबला सकाळचे साडेसात. आईचा फोन: "बाय, नळाला पाणी हाय ना?" आमच्याकडे खुशालीआधी पाण्याची चौकशी होते.

पहाटे 5. एका घरातून फोन. बाथरूमच्या नळाला पाणी नाही. म्हणजे पाइप गोठला. नळ उघडा ठेवला आणि हेअर ड्रायरची ऊब नळाच्या बाजूने भिंतीकडे नेत गेले. उलट दिशेने गेलं तर वितळलेलं पाणी मध्येच कोंडतं. गॅसची ज्योत किंवा शेगडी पाइपाजवळ कधीही नेऊ नये. आग लागते आणि बंद घरात विषारी वायू साठतो. आधी धार बारीक आली, मग भरून. तरी काम तिथे संपत नाही. चीर पडली असेल तर ती बर्फ वितळल्यावरच गळू लागते, म्हणून पाइपावरून कोरडा कागद फिरवून पाहिला. कागद ओला झाला असता तर आधी मेन व्हॉल्व्ह बंद, मग प्लंबर.

थंड मुलुखात बिऱ्हाड थाटणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला माझं सांगणं आहे: घराची किल्ली हातात घेतानाच मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते विचारा, आणि घरातल्या प्रत्येकाला तो बंद करायला शिकवा.