रेडिओने गावाचे ऐकावे म्हणून

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आंबेगावच्या पश्चिमेकडील आमच्या वाडीत आजोबांचा रेडिओ हीच आमची शाळा. आजोबा सांगतात, "आमच्या पोरपणी चावडीवर रेडिओ असायचा. त्यानं बोलायचं, आपण ऐकायचं." गावाने बोलावे आणि रेडिओने ऐकावे, असे कधी घडलेच नाही काय? शोध घेता कळले, की घडले होते, आणि तेही आपल्या पुणे केंद्रावर!

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने तेथून एक प्रयोग झाला. पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. एका मंडळात साधारण २० माणसे असत. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि शंका पुण्यास लिहून पाठवायच्या. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांवरून ही कल्पना घेतलेली होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांतील लोकांचे ज्ञान इतर गावांपेक्षा स्पष्टपणे वाढलेले दिसले. नुसता रेडिओ असलेली गावेही मागे पडली होती. म्हणजे गुण यंत्राचा नव्हता, एकत्र बसून बोलण्याचा होता. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली, पण कालांतराने ती मागे पडली.

त्या प्रयोगातही केंद्र पुण्यासच होते. ते गावाच्या हाती येण्यास पुढे बरीच वर्षे लागली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. २००२ नंतर शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना व कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू लागला. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आणि साताऱ्यातील म्हसवडची 'माणदेशी तरंग' ही त्याची मराठी उदाहरणे होत.

अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. पण एफ.एम. लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून मंचर किंवा नारायणगावच्या सपाटीवरील केंद्र आमच्या खोऱ्यांत नीट ऐकू येणार नाही. आमच्यासाठी केंद्र खोऱ्यातच हवे.

हे मी हौसेने लिहीत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आमच्याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव दिसत नाही, ही बातमी बाहेर नेली ती एस.टी.च्या चालकाने. रेडिओने डोंगर थांबला नसता, हे मलाही कळते. परंतु पाऊस किती झाला, कोठे जमिनीला भेग पडली, ओढ्याचे पाणी कोठवर आले, हे एका वाडीने दुसऱ्या वाडीला सांगण्याची सोय असती तर? स्वतःच्या बातम्या देण्यास या केंद्रांना मनाई असली, तरी हवामान व नैसर्गिक आपत्तीच्या सूचना देण्यास मुभा आहे.

विद्यार्थी मित्रहो, परवाना महाविद्यालयालाही मिळू शकतो. गुरुजनांनी मनावर घ्यावे, खोऱ्यातली आम्ही मुले राबायला तयार आहोत. आजोबांना मी सांगून ठेवले आहे, "आता तुम्ही बोलायचं, रेडिओ ऐकेल." ते हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "कधी?"