किल्ल्यावरील चित्रे

किल्ल्यावरील चित्रे म्हणजे दिवाळीत मुले अंगणात जो मातीचा किल्ला बांधतात, त्यावर मांडावयाच्या लहान रंगीत मूर्ती होत. मूर्ती असल्या तरी बोलीभाषेत त्यांना 'चित्रे' असेच म्हणतात. सिंहासनारूढ शिवाजी महाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, भालाईत, घोडेस्वार व तोफा ही त्यांतील नेहमीची चित्रे. पायथ्याच्या गावासाठी घागर घेतलेली स्त्री, शेतकरी व गुराखीही असतात. ही प्रथा पश्चिम महाराष्ट्र, कोकण व मुंबईत जितकी रुजली, तितकी विदर्भात रुजलेली नाही. वाशीम जिल्ह्यात मुलांचा असा उत्साह तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाभोवती अधिक दिसतो.

== घडण व रंगकाम ==

मातीचे चित्र बहुधा दोन भागांच्या साच्यात दाबून काढतात. सांध्यावर उरलेली मातीची कड खरवडून चित्र सावलीत वाळवतात. भाजलेले चित्र टिकाऊ असते. कच्चे चित्र मात्र किल्ल्यावर पेरलेल्या मोहरी-अळिवाला पाणी शिंपडताना विरघळते व पोस्टर रंगही ओघळतात. त्यामुळे कच्च्या चित्रावर तैलरंगाचा हात देणे बरे.

प्रथम सर्वांगाला पांढरा हात देतात. त्यानंतर एकच चित्र पूर्ण न करता सगळी चित्रे ओळीने मांडून आधी सर्वांचे चेहरे, मग सर्वांची पागोटी, मग अंगरखे अशा क्रमाने रंगवितात. डोळे व मिशा अगदी शेवटी काढतात, कारण तेथे चुकलेला हात लपत नाही.

== युद्धखेळातील लघुसैनिक ==

युरोपात हेच काम निराळ्या हेतूने वाढले. प्रशियाच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नकाशावरील युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरात आला. तेथे सैनिकांऐवजी ठोकळे असत. इंग्लंडमधील ब्रिटन्स कंपनीने १८९३ पासून पोकळ शिशाचे सैनिक काढले आणि लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशा खेळण्यांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आजचे खेळाडू बहुधा २८ किंवा १५ मिलिमीटर उंचीचे सैनिक शेकड्यांनी रंगवितात. रंगविण्याची ओळवार पद्धत मात्र कुंभाराचीच आहे.

या खेळात प्रमाण पाळावे लागते. सुमारे साठास एक या प्रमाणात दहा मीटरचा बुरूज १७ सेंटिमीटरचा होतो, पण तीनशे मीटर उंचीचा डोंगर पाच मीटरचा करावा लागेल. म्हणून अंगणातील किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असले तर त्यात मुलांचा फारसा दोष नाही.

== रंग व इतिहास ==

बाजारात मिळणारे मावळे एकाच साच्याचे व बहुधा एकाच रंगाचे असतात. त्यामुळे शिवकालीन मराठी फौजेला गणवेश होता असा विद्यार्थ्यांचा समज होतो. तसा सर्वांना समान गणवेश नव्हता. मुंडासे, बंडी, चोळणा, कमरेचा शेला हे ज्याचे त्याचे असत. निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून घोड्यावरील शिवाजी महाराज व सोबतचे पायदळ यांचे चित्र काढून घेतले होते. ते आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असून रंग ठरविताना अशा समकालीन चित्रांचा आधार घेणे योग्य ठरते. दहा मावळ्यांना दहा रंगांची मुंडासी देणे हे इतिहासाला अधिक धरून आहे.

दुसरा फरक शत्रूचा. अंगणातील किल्ल्यावर शत्रू क्वचितच असतो. युद्धखेळात दोन्ही फौजा सारख्याच निगुतीने रंगवाव्या लागतात. १८०३ मधील असईची लढाई (२३ सप्टेंबर) परदेशी युद्धखेळाडूंच्या आवडीची आहे. तिच्यात शिंद्यांचे कवायती पायदळ हानोव्हरच्या पोलमन याच्या हाताखाली होते. त्यामुळे येथे मराठी बाजूलाही शिस्तबद्ध पलटणी मांडाव्या लागतात. त्याच मोहिमेतील अडगावची लढाई (२९ नोव्हेंबर) आजच्या अकोला जिल्ह्यात झाली, आणि १५ डिसेंबरला वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला.

== वाशीम जिल्ह्यातील विषय ==

जिल्ह्यातील मुलांना मांडावयाचा स्वतःचा प्रसंग कारंजा (लाड) येथील आहे. हे संपन्न व्यापारी गाव मराठी फौजेने १६७० मध्ये लुटले. येथे डोंगर रचावा लागत नाही, वेशी व पेठ करावी लागते. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या वेशींची नावे गावात आजही रूढ आहेत. लूट बैलांवर व गाढवांवर लादून नेली गेली, म्हणून या मांडणीत मावळ्यांइतकीच ओझ्याची जनावरे लागतील. तान्ह्या पोळ्याचे लहान बैल घरात असतातच. पाठीवर कापडाची गोणी बांधली की ते या कामी येतात. गाढवे मात्र बाजारात मिळत नाहीत, ती हाताने घडवावी लागतात.