हिंसादानाचे आधुनिक रूप

इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १८९४ साली ‘द स्टोलन बॅसिलस’ ही विज्ञानकथा लिहिली. ओळखीची चिठ्ठी घेऊन आलेल्या पाहुण्याला एक जंतुशास्त्रज्ञ पटकीच्या जंतूंची नळी मोठ्या अभिमानाने दाखवितो. पाहुणा ती चोरतो आणि लंडनच्या पाण्यात मिसळण्यासाठी पळत सुटतो. अखेरीस नळीत प्राण्यांच्या अंगावर निळे डाग उठविणारे निराळेच जंतू असल्याचे कळते आणि वाचकाला हसू येते.

इतिहास मात्र इतका दयाळू नव्हता. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील ग्रुनार्ड या निर्जन बेटावर मेंढ्या बांधल्या आणि त्यांच्याजवळ अँथ्रॅक्सच्या, म्हणजे काळपुळीच्या, जंतूंचा बॉम्ब फोडला. थोड्याच दिवसांत त्या मुक्या जिवांनी प्राण सोडले. जंतूंचे बीजाणू मात्र मातीत टिकून राहिले आणि बेट माणसांना बंद झाले. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात २८० टन फॉर्मल्डिहाइड मिसळून तेथील जमिनीवर फवारावे लागले. खात्रीसाठी पुन्हा मेंढ्याच चरावयास सोडण्यात आल्या. १९९० मध्ये बेट सुरक्षित ठरले. थोड्या दिवसांच्या प्रयोगाचे परिणाम निस्तरण्यास ४८ वर्षे लागली.

जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७२ मध्ये स्वाक्षरीसाठी खुला झाला व १९७५ पासून अमलात आला. भारतही त्यात सहभागी आहे. परंतु या करारात तपासणीची यंत्रणा नाही. शिवाय लस तयार करणारी आणि घातक जंतू वाढविणारी उपकरणे बहुतांशी एकच असतात. भेद असतो तो हेतूचा.

येथे आपल्या शास्त्रातील एक शब्द आठवतो. श्रावकाच्या अनर्थदंडविरमण व्रतात ‘हिंसादान’ वर्ज्य मानले आहे. विष, शस्त्र, अग्नी अशी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे हिंसादान. पंधरा कर्मादानांतही विषवाणिज्याचा समावेश आहे. मारणारा हात दुसऱ्याचा असला, तरी साधन पुरविणारा दोषमुक्त होत नाही.

आज आपल्यापैकी अनेक कुटुंबे रसायने, औषधे व प्रयोगशाळेतील उपकरणे यांच्या व्यापारात आहेत. घातक जंतू व विषद्रव्ये परदेशी पाठविण्यावर शासनाच्या ‘स्कोमेट’ सूचीचे नियंत्रण आहे. तथापि, माल कोणाला व कशासाठी हवा, हे विचारणे केवळ कायद्याची पूर्तता नव्हे, ते व्रताचे पालन आहे. वेल्स यांचा शास्त्रज्ञ क्रूर नव्हता. चिठ्ठी पाहून त्याने दार उघडले; पाहुणा कोण, हे मात्र जाणून घेतले नाही.