कलमाच्या चाकूची उमेदवारी

आमच्यापैकी बहुतेकांनी आपला धंदा कुणाच्या तरी हाताखाली राहूनच शिकून घेतला. आधी उस्तादाच्या दुकानात झाडलोट केली, चहा आणून दिला, आणि मग एके दिवशी हातात कात्री किंवा रंधा आला. हाच रस्ता शेतीतही आहे, हे मात्र आमच्या लक्षात येत नाही. शेती म्हटले की बापजाद्यांची जमीन आठवते. ती नसेल तर विषय संपला!

मालवण-देवगडच्या पट्ट्यात आंब्याच्या व्यापारात असलेल्या बांधवांना एक गोष्ट सांगायला नको. बाग राखायला माणूस नेपाळहून येतो आणि आमचा बारावी झालेला मुलगा आखाताच्या व्हिसाची वाट पाहत नाक्यावर बसतो.

१९९० साली राज्य शासनाने रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू केली. तेव्हापासून कोकणात आंबा-काजूच्या कलमांची मागणी वाढली आणि रोपवाटिका हा स्वतंत्र धंदा झाला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या जाती आज दूरवर पोचल्या आहेत. पण प्रत्येक कलम शेवटी कुणीतरी हाताने बांधावे लागते, आणि हा चाकू चालवणारा चांगला हात सहज सापडत नाही.

काम पुस्तकातून येणारे नव्हे. आंब्याचे कोय कलम बांधायचे ते पावसाच्या सुरुवातीला. रुजलेल्या कोयीचे रोप दहा-पंधरा दिवसांचे, तांबूस आणि लुसलुशीत असतानाच ते साधते. त्याच जाडीची डोळकाडी निवडायची आणि तिची पाने आठ-दहा दिवस आधीच कापून ठेवायची. मग पाचरीसारखा काप घेऊन ती रोपाच्या चिरेत बसवायची व प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. काप वाकडा गेला, हात घाणेरडा असला किंवा काडी सुकली, की कलम मेले. पहिल्या मोसमात मुलाची बरीच कलमे मरतात, मालकाने ते गृहीत धरावे. आमच्या कापडवाल्यांनी किती कापड फुकट घालवून शिंपी तयार केले, ते आठवावे.

शिकत कमावण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजवले. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले गावाची खरी कामे करीतच तंत्र शिकतात. कोकण कृषी विद्यापीठाचे पदवीचे विद्यार्थीसुद्धा शेवटच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करतात.

कायद्याची वाटही मोकळी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. काजू प्रक्रियेचा कारखाना किंवा मोठी रोपवाटिका चालवणाऱ्यांनी याची चौकशी करावी.

एक मात्र स्पष्ट सांगतो. ‘शिकवतो’ म्हणून पोराला दोन वर्षे पाणी घालायला ठेवायचे आणि चाकू हाती द्यायचाच नाही, हा प्रकार आमच्या दुकानांतही चालतो. त्याला उमेदवारी म्हणत नाहीत. बापाने मुलाला पाठवण्याआधी विचारून घ्यावे: किती दिवसांनी कलम बांधायला देणार? विद्यावेतन किती? फवारणी आणि छाटणी शिकवणार की नाही?

पुढे स्वतःची रोपवाटिका काढायची तर परवाना लागतो, आणि खात्रीच्या जातीची मातृझाडे लागतात. त्यासाठी दहा-वीस गुंठे जागा भाड्यानेही चालते. बोलणी एप्रिल-मेमध्ये, आंब्याचा हिशेब चालू असतानाच, बागायतदाराशी करावीत. जून उजाडला की त्याला बोलायला सवड नसते, आणि कोयी तर तेव्हाच रुजत घालायच्या असतात.