जुने वाडे गार का असायचे? फक्त जाड भिंतींमुळे नाही!

मे महिन्याच्या दुपारी पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात शिरा. दिंडी दरवाजा ओलांडला की लगेच गारवा जाणवतो. 'आमच्या वाड्यात पंखासुद्धा लागायचा नाही,' असं सांगणारे आजोबा बहुतेक घरांत असतात. थोडी अतिशयोक्ती सोडली, तर त्यांचं म्हणणं खरं आहे.

दगड, वीट, माती आणि चुना वापरून बांधलेल्या वाड्याच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात. दुपारी बाहेरून तापलेल्या अशा भिंतीतून उष्णता आत पोचायला दहा-बारा तास किंवा जास्तच लागतात. तोवर रात्र झालेली असते. याउलट सहा इंची काँक्रीटचा स्लॅब ती साधारण चार तासांत आत सोडतो. म्हणजे दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी सहाला डोक्यावर! सगळ्यात वरच्या मजल्यावर रात्री पंखाही गरम वारा फेकतो, तो याचमुळे.

पण इथे एक गोम आहे. जाड भिंत उष्णता साठवते, संपवत नाही. रात्री ती बाहेर जायला वाट लागते आणि ती वाट म्हणजे चौक. उघड्या आकाशाखाली चौकातली जमीन आणि भिंती रात्री निवतात, गार हवा खाली साचते आणि ओसरीतून खोल्यांत जाते. वरची कौलंही फटींतून हवा खेळती ठेवतात. म्हणूनच चौकावर पत्रा टाकलेला, कौलं काढलेला वाडा दोन फुटी भिंती असूनही उकडतो.

नुसत्या दगड-विटांनी शहर थंड राहत नाही, हेही जुनंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ल्यूक हॉवर्ड यांनी लंडन आणि आसपासच्या गावांचं तापमान नोंदवलं. शहरातली रात्र गावापेक्षा सरासरी जवळपास दोन अंश सेल्सियसने उबदार निघाली. तेव्हा तिथे ना काँक्रीटच्या इमारती होत्या, ना एसी. दाटीवाटी आणि हजारो चुली मात्र होत्या.

आज पेठांमध्ये वाडा पडतो, तिथे इमारत येते. चौकाच्या जागी पार्किंग. एसीची गरम हवा अरुंद बोळात सुटते आणि शेजारच्या उरलेल्या वाड्यातल्या भाडेकरूच्या खिडकीतून आत येते. अर्थात, वाडे सोडणाऱ्यांना दोष देता येत नाही. गळकं छप्पर, सामाईक संडास, मालक-भाडेकरू वाद यात कुणी गारव्यासाठी राहत नाही.

उरलेल्यांची डागडुजी होते तीही अनेकदा सिमेंटने. माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल अडकते आणि भिंत पोखरते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही चुना उपयोगी आहे: उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा चुना मारला, तर बरंचसं ऊन परतून जातं आणि स्लॅब कमी तापतो. पावसाळ्यात तो धुऊन निघतो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो.